दारावरचे मूल कोणाचे?

पालकहो, विद्यार्थी मित्रहो आणि माननीय विश्वस्त मंडळी,



गेल्या हिवाळ्यात आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजी शाळेत भेटायला आल्या होत्या. लेकीकडे अमेरिकेत चार-पाच महिने राहून त्या नुकत्याच ग्वाल्हेरला परतल्या होत्या. तिकडच्या गोष्टी सांगता सांगता म्हणाल्या, "मॅडम, ऑक्टोबरच्या शेवटी तिथली पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागत फिरतात. मला मोठी गंमत वाटली. मी परातभर गोळ्या घेऊन दारातच बसले. पण शेजारची बाई आमच्या लेकीला सांगून गेली, की यातली अर्धी पोरं आपल्या वस्तीतली नाहीत, गाड्या भरभरून बाहेरून येतात, त्यांना देत बसू नका. आता मला सांगा, दारात आलेल्या पोराला आधी तू कुठला म्हणून विचारायचं का?"

आजींना त्या दिवशी आम्ही धड उत्तर देऊ शकलो नाही. नंतर या विषयावर जे मिळेल ते वाचले. आमच्या कित्येक माजी विद्यार्थ्यांची घरे आता त्या देशात आहेत, त्यांचे आईवडील तिथे जातात-येतात, आणि या सणाचे नाव आपल्या मुलांच्याही तोंडी आले आहे. तेव्हा सण काय आहे आणि बाहेरच्या मुलांचा हा वाद काय आहे, हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल. हाच प्रश्न आमच्या शाळेच्या फाटकापर्यंत कसा येऊन पोहोचला, तेही शेवटी सांगायचे आहे.

सण आणि त्याचे मूळ

ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, म्हणजे ३१ ऑक्टोबर, हीच हॅलोविन. आयर्लंड व स्कॉटलंडच्या जुन्या लोकांत याच सुमारास उन्हाळा संपून हिवाळा सुरू झाल्याचा सण पाळीत असत. त्या रात्री मृतांचे आत्मे फिरतात अशी समजूत होती. सोंगे आणि भुते यांचा संबंध तिथून येतो.

मागण्याची रीतही जुनी आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब माणसे घरोघर जात, लहान गोड पाव घेत आणि त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत. आपल्याला सर्वपित्री अमावास्येची आठवण यावी अशीच ही चाल. यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मागायला येणारा हा बहुधा गरीब असे. त्याच्या प्रार्थनेची घरमालकाला गरज वाटे, म्हणून त्याच्यासाठी दार उघडले जाई.

एकोणिसाव्या शतकात आयरिश व स्कॉटिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले आणि सण बरोबर घेऊन गेले. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत, अमेरिकेत त्याच्या जागी लाल भोपळा आला. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे या रात्री खोड्यांना ऊत येई. फाटके उचकटून नेणे, खिडक्यांना साबण फासणे, असले प्रकार पोरे करीत. यावर लोकांनी हळूहळू उपाय काढला, की पोरांना खाऊ द्यावा आणि नुकसान टाळावे. मुले दारात येऊन 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणतात, त्याचा अर्थ इतकाच, की खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. हे शब्द १९२० च्या दशकात कॅनडातील वर्तमानपत्रांत छापलेले आढळतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेवर रेशन होते. ते १९४२ मध्ये सुरू झाले व १९४७ मध्ये उठले. त्यानंतर शहरांबाहेर नव्या वसाहती वाढल्या आणि ही चाल देशभर पसरली. १९५० मध्ये फिलाडेल्फियाच्या परिसरातील मुलांनी खाऊबरोबर परदेशातील गरजू मुलांसाठी सुटे पैसे गोळा केले आणि युनिसेफला दिले. तो उपक्रम पुढे कायमचा झाला.

आज एक साधा संकेत पाळला जातो. ज्या घरापुढचा दिवा लागलेला आहे तिथे मुलांनी जावे, जिथे दिवा नाही तिथे दार वाजवू नये. कोणावरही सक्ती नाही.

मुले बाहेरून का येतात?

आपल्या जुन्या लष्करच्या गल्लीत घराला घर लागून असते. अमेरिकेत सगळीकडे तसे नाही. खेड्यात दोन घरांमध्ये मैलाचे अंतर असू शकते. पुष्कळ वसाहतींत फुटपाथच नाहीत. मोठ्या शहरांतील उंच इमारतींना खाली कुलूप असते, तिथे दारोदार फिरणे जमत नाही. काही वस्त्यांत अंधार पडल्यावर मुलांना बाहेर सोडण्याचे धाडस आईबापांना होत नाही. मग हे आईबाप काय करतात? मुलांना गाडीत घालतात आणि जिथे घरे जवळजवळ आहेत, फुटपाथ आहेत, दिवे आहेत आणि माणसे दिलदार आहेत, अशा रस्त्यावर नेऊन सोडतात.

ही गोष्ट तिथे उघड मानली जाते. घरांच्या खरेदी-विक्रीची माहिती देणाऱ्या झिलो या कंपनीने तर काही वर्षे हॅलोविनसाठी चांगल्या वस्त्यांच्या याद्या काढल्या. घरांच्या किमती, पायी फिरण्याची सोय, लोकवस्तीची दाटी आणि गुन्हेगारीचे प्रमाण पाहून त्या ठरवीत. आयडाहो राज्यातील बॉइसी शहरात हॅरिसन बुलेवार्ड नावाचा जुन्या, सुंदर घरांचा रस्ता आहे. त्या एका संध्याकाळी तिथे सगळ्या शहरातून आणि आसपासच्या गावांतून हजारो मुले येतात.

चांगला रस्ता शोधण्यामागे चॉकलेटाचा मोह असतोच, पण सुरक्षिततेचाही मोठा भाग आहे. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतील रस्ते-अपघातांच्या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवून दिले आहे, की हॅलोविनच्या संध्याकाळी अमेरिकेत पायी चालणाऱ्याचा मृत्यू होण्याचा धोका एरवीपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त असतो. चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तो सुमारे दहापट आढळला. जिथे फुटपाथ नाही तिथली आई आपल्या लेकराला फुटपाथ असलेल्या रस्त्यावर घेऊन गेली, तर ती योग्य तेच करते आहे.

तक्रारीतले खरे किती?

त्या रस्त्यावर राहणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. समजा एका घरी ३०० मुले आली आणि प्रत्येकाला दोनच गोळ्या दिल्या, तरी ६०० गोळ्या लागतात. बाजारातील पिशवीत ८० गोळ्या धरल्या, तर आठ पिशव्या झाल्या. पगारावर जगणाऱ्या किंवा निवृत्त माणसाला हा खर्च एका संध्याकाळी जाणवतो. आठ वाजेपर्यंत गोळ्या संपतात आणि शेजारचीच चिमुरडी रिकाम्या हाताने परत जाते. अनोळखी गाड्या वाटेल तशा उभ्या राहतात. मिसरूड फुटलेली पोरे सोंगही न घेता पिशवी पुढे करतात. या तक्रारी खोट्या नाहीत.

पण त्यांच्या आडून आणखी एक तक्रार येते. ती खर्चाची किंवा गर्दीची नसते, ही 'आपली' मुले नाहीत एवढीच असते. २०१४ मध्ये 'स्लेट' या अमेरिकन नियतकालिकाच्या सल्ल्याच्या सदरात असे एक पत्र आले होते आणि त्यावर देशभर चर्चा झाली. पत्रलेखक श्रीमंत वस्तीत राहणारा होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की येणारी बहुतेक मुले कमी ऐपतीच्या भागातून येतात, समाजकल्याणाच्या कामांसाठी आपण कर भरतोच, मग हा सण शेजाऱ्यापाजाऱ्यांपुरता का असू नये? सदर चालवणाऱ्या बाईंनी त्याला खरमरीत उत्तर दिले, की कंजूषपणा सोडावा आणि येणाऱ्या सगळ्या मुलांना पुरतील इतक्या गोळ्या आणाव्यात.

उत्तर चटकदार होते, पण आम्हाला ते अपुरे वाटले. श्रीमंताला असे सांगणे सोपे आहे. त्याच रस्त्यावर एखादी विधवा बाई जुने घर सांभाळून राहत असेल, तर तिला काय सांगणार? खर्चाचे ओझे आणि परक्याचे वावडे या दोन गोष्टी वेगळ्या काढून पाहिल्याखेरीज हा वाद सुटत नाही. ओझे वाटून घेता येते. वावड्याला मात्र लोक बहुतेक वेळा भीतीचे नाव देतात. म्हणून त्या भीतीचाही थोडा तपास करू.

भीती कोणाची?

अमेरिकेत पिढ्यान्पिढ्या आईबाप मुलांना सांगत आले आहेत, की अनोळखी घरच्या गोळ्या तपासून खा, कोणीतरी विष घातलेले असेल, सफरचंदात ब्लेड खोचलेले असेल. डेलावेअर विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या अशा बातम्यांचा मागोवा घेतला. अनोळखी माणसाने दारावर आलेल्या मुलांना विषारी खाऊ दिला आणि त्याने एखादे मूल दगावले किंवा गंभीर आजारी पडले, असे एकही सिद्ध झालेले उदाहरण त्यांना सापडले नाही. टेक्सासमध्ये १९७४ साली हॅलोविनला एक आठ वर्षांचा मुलगा विषारी गोळीने गेला, हे खरे. पण ते विष विम्याच्या पैशांसाठी त्याच्या सख्ख्या बापानेच दिले होते. त्या बापाला पुढे १९८४ मध्ये देहदंड झाला.

दुसरी एक घटना अधिक चटका लावणारी आहे. लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथे १७ ऑक्टोबर १९९२ रोजी शिक्षणासाठी आलेला सोळा वर्षांचा एक जपानी मुलगा हॅलोविनच्या मेजवानीला निघाला होता. ज्यांच्याकडे तो राहत होता त्यांचा मुलगाही बरोबर होता. त्यांचा पत्ता चुकला आणि ते भलत्याच घराच्या दारात गेले. घरातली बाई घाबरली. नवरा पिस्तूल घेऊन पुढे आला आणि त्याने मुलाला जागीच थांबायला सांगितले. मुलाला तो शब्द बहुधा कळलाच नाही. तो पुढे आला आणि गोळी लागून मरण पावला. १९९३ मध्ये फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. पुढे १९९४ मध्ये दिवाणी न्यायालयाने मुलाच्या आईवडिलांना भरपाई मंजूर केली. त्या आईवडिलांनी लाखो सह्या गोळा करून घरातील बंदुकांविरुद्ध मोहीम चालवली.

हे आम्ही घाबरवण्यासाठी लिहीत नाही. घरमालक ज्या परक्याला भितो, त्या परक्याने खाऊ मागायला येऊन घरमालकाचे काही बिघडवले, असे फारसे ऐकिवात नाही. घरमालकाच्या भीतीने मात्र दारात आलेल्या एका मुलाचा जीव घेतला. आपली मुलेही शिकायला परदेशी जातात, परक्या गावात पत्ता शोधत फिरतात. त्या क्षणी ती कोणाच्या तरी दारातली 'बाहेरची' मुले असतात. म्हणून जाणाऱ्यांनीही तिथला संकेत शिकून घ्यावा. दिवा लागलेल्या घरीच जावे, पत्ता पक्का करून घ्यावा आणि कोणी थांबायला सांगितले तर जागीच थांबावे.

तिथे कोणी काय उपाय केले?

काही गावांनी नियम केले. व्हर्जिनियातील चेसापीक शहरात बारा वर्षांवरील मुलाने असे मागायला जाणे गुन्हा होता आणि कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०१८ मध्ये या कायद्याची देशभर थट्टा झाली. २०१९ मध्ये शहराने वयाची मर्यादा चौदापर्यंत नेली आणि कैदेची शिक्षा काढून टाकली. काही चर्च व शाळा आपल्या पटांगणात गाड्या ओळीने उभ्या करतात आणि मुले एका डिकीपासून दुसऱ्या डिकीपर्यंत खाऊ गोळा करतात. यात अपघाताचा धोका कमी होतो, पण अनोळखी घराचे दार उघडण्यातली मजाही जाते.

सर्वांत शहाणपणाचे उपाय आम्हाला साधे वाटले. गर्दीचे रस्ते काही शहरांत त्या संध्याकाळी वाहनांना बंद ठेवतात. जिथे फार मुले येतात, तिथल्या घरांसाठी काही ठिकाणी इतर भागांतले लोक आधीच गोळ्या गोळा करून पोहोचवतात. म्हणजे ज्यांची मुले जातात त्यांनी खर्चातला वाटा उचलायचा. आणि गोळ्या संपल्या की घरमालकाने दिवा मालवायचा. त्यात कोणाचा अपमान नाही.

आमच्या फाटकाशी

आता आपल्याकडे येऊ. ग्वाल्हेरात दसऱ्यापासून शरद पौर्णिमेपर्यंत टेसू आणि झेंझी निघतात, हे येथील मुलांना सांगायला नको. तीन काड्यांवर उभा केलेला, मातीच्या तोंडाचा टेसू घेऊन मुले येतात. मुलींच्या हाती भोके पाडलेले मडके, आत दिवा, ती झेंझी. गाणी म्हणत दारोदार फिरायचे, धान्य-पैसे मागायचे आणि पौर्णिमेला दोघांचे लग्न लावायचे. गाण्यातला टेसू तर दारात अडूनच बसतो, काही मिळाल्याशिवाय हलत नाही. आयरिश मुलाचा दिवा सलगमात आणि आमच्या मुलीचा मडक्यात, फरक एवढाच. आमच्या लहानपणी टेसूवाली मुले कोणत्या मोहल्ल्यातून आली हे कोणी विचारल्याचे स्मरत नाही.

याच दिवसांत गेल्या वर्षी आपल्या शाळेचा भोंडला होता. पाटावर हत्ती मांडला होता, मुली फेर धरून गात होत्या. गाणी ऐकून शाळेमागच्या गल्लीतल्या सात-आठ मुली झेंझी घेऊन फाटकापाशी आल्या. त्यांना वाटले असावे, इथेही आपल्यासारखाच खेळ चालला आहे. व्यवस्थेवरील एका पालकांनी त्यांना सांगितले, की हा कार्यक्रम फक्त शाळेच्या मुलींसाठी आहे, आणि फाटक लावून घेतले. आम्ही तिथून दहा पावलांवर उभे होतो. आम्ही काही बोललो नाही. मोजून केलेली खिरापत पुरणार नाही, असे आम्हालाही वाटले होते.

कार्यक्रम संपल्यावर खिरापतीचे चौदा डबे उरले. आवराआवर करताना पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, त्या मुलींना का नाही दिलं? त्यांच्या झेंझीत तर दिवा पण होता." आम्ही तिला काहीतरी सांगून गप्प केले. पुढे हिवाळ्यात आजींनी दारातल्या पोराबद्दल विचारले, तेव्हा हीच मुलगी आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या दिवशी उत्तर सुचले नाही, याचे खरे कारण हे होते.

फाटक लावणाऱ्या पालकांना आम्ही दोष देत नाही. मोजणी आमची होती आणि गप्पही आम्हीच राहिलो. तेव्हा यंदाच्या भोंडल्यासाठी विश्वस्त मंडळींपुढे तीन गोष्टी मांडत आहोत. पहिली, प्रत्येक वर्गाने ठरल्यापेक्षा दोन डबे जास्त आणावेत, म्हणजे ओझे एकाच घरावर पडणार नाही. दुसरी, मागच्या गल्लीत आधीच निरोप द्यावा, की ज्यांना यायचे त्यांनी झेंझी घेऊन यावे, फेरात सामील व्हावे आणि त्यांचीही गाणी आमच्या मुलींना शिकवावीत. तिसरी, फाटकावर दिवा लावावा. सहा वाजता तो लागेल आणि आठ वाजता किंवा खिरापत संपली की मालवला जाईल. तोवर आत येणाऱ्या मुलीला कोणी कुठली म्हणून विचारणार नाही. रस्त्यावर वाहनांकडे लक्ष ठेवायला दोन शिक्षक उभे राहतील, कारण खरा धोका तिथे आहे.

खिरापत कमी पडली तर काय, असे कोणी विचारील. पडली तर दिवा मालवू आणि मुलींना तसे प्रेमाने सांगू. गेल्या वर्षी आम्ही खिरापत असताना दिवा मालवला होता, ती चूक पुन्हा होऊ नये एवढीच इच्छा आहे.

आजींना आमचे उत्तर आता तयार आहे. दारात आलेल्या पोराला तू कुठला म्हणून विचारू नये. त्याला त्याचे सोंग कशाचे आहे ते विचारावे. आजींनी परातभर गोळ्या घेऊन बसावे, संपल्या की उठावे. यंदा त्या इथेच आहेत. भोंडल्याला त्यांनी फाटकापाशी बसून खिरापत वाटावी, अशी विनंती आम्ही त्यांना केली आहे आणि त्यांनी होकार दिला आहे.

आपली,
प्राचार्या